इंजिनाची पांघरुणं

सैबेरियातल्या आमच्या खारियालाखमध्ये हिवाळ्यात माणूस माणसाला भेटला की कसा आहेस म्हणून विचारत नाही. "चालू आहे का?" असं विचारतो. समोरचा म्हणतो, "चालू आहे." त्यानंतर बायको बरी आहे का, गाय दूध देते का, आई अजून आहे का, हे सगळं यथावकाश येतं. पण "बंद पडलं" असं उत्तर आलं तर पुढे काही विचारायचं नसतं. टोपी काढता येत नाही, कारण कान गळून पडतील. चेहरा मात्र टोपी काढल्यासारखा करायचा.

माझा चुलतभाऊ स्पिरिदोन गेली कित्येक वर्षं या प्रश्नाला "चालू आहे" असंच उत्तर देत आला आहे, आणि तेही असं, की ऐकणाऱ्याला आपलं काहीतरी कमी आहे असं वाटावं. त्याचा ट्रक ऑक्टोबरात, अल्दान नदीवर साय धरायला लागली की सुरू होतो, तो एप्रिल संपताना बंद होतो. मधे नाही. दिवसा तो ट्रक गावाची लाकडं, गवत आणि तळ्यावर कापलेल्या बर्फाच्या लाद्या वाहतो. आम्ही तोच बर्फ वितळवून पितो. काम नसेल तेव्हा तो स्पिरिदोनच्या अंगणात उभा राहून गुरगुरतो. उणे पन्नासात इंजिन बंद केलं तर तासाभरात ऑइलचं डांबर होतं, डिझेल तुपासारखं थिजतं, आणि मग मे महिन्यापर्यंत त्या ट्रकचा उपयोग फक्त पोरांना बॉनेटवरून घसरायला.

आमच्या दोन घरांमध्ये एक लाकडी कुंपण आणि त्याला लागून रचलेल्या बर्फाच्या लाद्या एवढंच आहे, त्यामुळे ते इंजिन जितकं स्पिरिदोनचं तितकंच माझ्याही कानांचं आहे. गावातले पुरुष म्हणतात, स्पिरिदोनच्या घरी हिवाळाभर दोन गोष्टी बंद होत नाहीत, एक इंजिन आणि दुसरं अग्राफेनाचं तोंड. खरं तर अग्राफेनावहिनी फार कमी बोलते. पण खिडकीबाहेर इंजिन चालू असताना तिला जे काही बोलायचं ते ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून बोलणारी बाई पुरुषांना नेहमीच फार बोलते असं वाटतं.

हा ट्रक घरात आला तो सरकारी फार्म मोडला तेव्हा. प्रत्येक कुटुंबाला वाट्याचं काहीतरी उचलायचं होतं. लोकांनी गाई घेतल्या, घोडे घेतले, एकाने नुसते छपराचे पत्रे घेतले. अग्राफेनाने दोन गाई हेरून ठेवल्या होत्या, त्यांच्या शिंगांना स्वतःच्या हाताने दोरही बांधला होता. त्या आणायला स्पिरिदोनला पाठवलं, तो ट्रक घेऊन आला. ट्रकला गवत लागत नाही, असं त्याने तिला समजावलं. तिने विचारलं, दूध देतो का? तो म्हणाला, तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस.

पहिल्या हिवाळ्यात स्पिरिदोनची अशी समजूत होती की इंजिनही घोड्यासारखं दमतं. नोव्हेंबरातल्या एका दुपारी तळ्यावरून तीन फेऱ्या करून आल्यावर त्याने, जरा दम खाऊ दे बिचाऱ्याला, असं म्हणून ते बंद केलं आणि चहाला आत आला. इंजिनाने मे महिन्यापर्यंत दम खाल्ला. तो सबंध हिवाळा स्पिरिदोनने हातगाडीवजा घसरगाडीवरून लाकडं ओढली, त्याच उभ्या ट्रकच्या शेजारून, आणि जाणारा येणारा प्रत्येक जण त्याला अगदी आपुलकीने विचारत होता, "चालू आहे का?"

त्या हिवाळ्याने त्याचा स्वभाव घडवला. तेव्हापासून त्याने इंजिनाला अशक्त तान्ह्या बाळासारखं वागवलं, आणि ते तान्हं बाळ अग्राफेनाच्या खऱ्या तान्ह्या बाळाच्याच वर्षी घरात आल्यामुळे पांघरुणांची वाटणीही तेव्हाच सुरू झाली. आधी गेला तो गोठ्याच्या दारावरचा नमदा. तो अग्राफेनाने स्वतः लोकर कुटून केला होता, पण गाईच नव्हत्या तर गोठ्याला नमदा कशाला, हे स्पिरिदोनचं म्हणणं बिनतोड होतं. मग तिच्या मावशीने दिलेली उंटाच्या लोकरीची चादर रेडिएटरच्या पुढे गेली. कुन्नेय, म्हणजे त्यांची मुलगी, चालायला लागली तशी तिची पाळण्यातली रजई बॅटरीभोवती गुंडाळली गेली. बॅटरी तेवढ्याच मापाची होती, हा काही कुणाचा दोष नाही. मग अग्राफेनाचा कोल्ह्याच्या कातड्याचा कोट. तो जुना झाला होता. ज्या सकाळी थंडी उणे अठ्ठावन्नला पोचली त्याच सकाळी तो जुना झाला.

इंजिनाकडे लक्ष ठेवायचं तर दर दोन-तीन तासांनी ते बघावं लागतं. डिझेल किती उरलं, झाकण कुठे सरकलं, एखादा पट्टा कुरकुरतोय का. स्पिरिदोनचा कान इतका तयार आहे की त्याला उठावं लागत नाही. तो आपल्या आईने शिवलेल्या सशाच्या कातड्यांच्या दुलईत पडल्या पडल्या सांगतो, डाव्या बाजूचं पांघरूण घसरलंय. मग अग्राफेना जाऊन ते सारखं करते. ती दुलई दोन माणसांवर पुरेल एवढी नाही, आणि स्पिरिदोनला थंडी फार बाधते. ज्याच्यावर इंजिनाची जबाबदारी आहे त्याने स्वतःला जपलं पाहिजे, हे आम्हाला सगळ्यांना पटलेलं होतं.

सगळ्यात शेवटी गालिचा गेला.

आमच्याकडे पलंगाशेजारच्या भिंतीवर गालिचा असतो. त्याने ऊब राहते असं म्हणतात, पण खरं कारण ते नाही. दारातून आत आलेल्या माणसाची नजर सगळ्यांत आधी तिथे जाते, आणि तिथे काय दिसतं त्यावर त्या घरात चहाबरोबर काय मिळेल याचा तो अंदाज बांधतो. अग्राफेनाचा गालिचा तिच्या आईचा. आई फार्मवर गाई पिळायची. सबंध जिल्ह्यात तिच्या हाताखालच्या गाईंनी सगळ्यांत जास्त दूध दिलं म्हणून तिला तो बक्षीस मिळाला होता आणि नदीतून जहाजाने घरी आला होता. लाल जमीन, मधे झरा, झऱ्यावर पाणी पिणारं हरीण, मागे दोन माद्या. ते बक्षीस मिळालं तोवर आईच्या हाताची बोटं अशी वाकली होती की तिला तो गालिचा भिंतीला ठोकता आला नाही. खिळे अग्राफेनाने ठोकले, लहानपणी, खुर्चीवर उभं राहून. लग्नात तो तिच्याबरोबर इकडे आला.

पाच हिवाळ्यांपूर्वी थंडी साठाकडे निघाली तेव्हा स्पिरिदोनने तो काढला. दोन दिवसांसाठी, असं म्हणाला होता. वसंत आला की गालिचा अंगणात पडून राही, कारण त्याला डिझेलचा वास आहे म्हणून घरात नको. शरद आला की पुन्हा बॉनेटवर, कारण आता त्याला वास आहेच. भिंतीवर त्याच्या जागी एक फिकट चौकोन राहिला. अग्राफेनाने त्या चौकोनावर काहीही लावलं नाही. कुन्नेयने शहरातून फुलांचं चित्र आणलं, तेही नाही. गेली पाच वर्षं त्यांच्या घरी गेलेला प्रत्येक पाहुणा त्या चौकोनाकडे बघत चहा पीत होता, आणि तिला नेमकं तेच हवं होतं. फक्त ज्याला दिसावं असं तिला वाटत होतं तो भिंतीकडे पाठ करून, खिडकीकडे कान लावून बसायचा.

या जानेवारीत कुन्नेयच्या होणाऱ्या सासरची माणसं येणार होती. कुन्नेय जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात परिचारिका आहे, मिचिल तिथेच वीजकाम करतो, आणि त्या दोघांचं सगळं ठरून गेलेलं होतं. आईबापांनी एकमेकांना बघायचं ते केवळ रीत म्हणून. म्हणजे लग्नाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न भिंतीचा होता.

अग्राफेनाने नवऱ्याला एकदाच सांगितलं. मी तेव्हा तिथेच होते, कणीक मळत होते. ती म्हणाली, पाहुणे यायच्या आत गालिचा भिंतीवर पाहिजे. माझ्या आईचे हात त्यापायी गेलेत, आणि माझी मुलगी त्याच्यासमोरूनच सासरी जाईल.

स्पिरिदोनने तिला थंडीचा आकडा सांगितला. मग वाऱ्याची दिशा सांगितली. मग म्हणाला, "अगं, पाहुणे काय, दोन तास बसतील आणि जातील. इंजिन आपल्याजवळ राहायचंय."

"मुलगीपण जायचीय," अग्राफेना म्हणाली. "मग तू आणि इंजिन बसा समोरासमोर चहा पीत."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी कणकेकडे बघितलं. शेवटी ठरलं ते असं, की पाहुणे असेपर्यंत गालिचा भिंतीवर राहील, आणि तेवढ्या वेळापुरती इंजिनाला कुन्नेयच्या खोलीतल्या दोन गाद्या आणि अग्राफेनाचा चांगला कोट मिळेल. चांगला म्हणजे उरलेला.

पाहुण्यांच्या आदल्या सकाळी आम्ही दोघींनी गालिचा कुंपणामागच्या स्वच्छ बर्फावर उलटा टाकला आणि काठ्यांनी झोडपला. आमचा बर्फ पिठासारखा कोरडा असतो, त्यात गालिचा धुतल्यासारखा निघतो. पहिल्या खेपेला बर्फावर काळा चौकोन उमटला, दुसऱ्या खेपेला करडा, पाचव्या खेपेला आमचे हात गेले. लाल रंग मात्र आला. वास गेला नाही. अग्राफेनाने चुलीवर जुनिपरच्या सुवासिक फांद्या जाळून त्याला धुरी दिली, तेव्हा चर्चमध्ये कुणीतरी ट्रक दुरुस्त करतोय असा वास सुटला. शिवाय हरणाचा मागचा एक पाय नव्हता. तिथे गालिचा एक्झॉस्टच्या नळीला टेकला होता आणि तळहाताएवढं भोक पडलं होतं. अग्राफेनाने ते बराच वेळ बघितलं. मग खालून लाल कापड लावून शिवलं. तीन पायांचंही पाणी पितंय, असं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, धुक्यात सूर्य जेमतेम तांब्याच्या पैशाएवढा दिसत असताना, पाहुणे गोठलेल्या नदीवरून आले. मिचिलचा बाप दोरोफेय हाही ट्रकवाला, नदीच्या पलीकडच्या गावांना कोळसा पोचवणारा. बायकोला आणि मुलाला त्याने ट्रकच्या केबिनमध्येच बसवून आणलं होतं. ट्रक अंगणात येऊन स्पिरिदोनच्या ट्रकशेजारी उभा राहिला आणि दोन इंजिनं एकमेकांची चौकशी करायला लागली.

आता आमच्याकडे एक रीत आहे, आणि ती मोडलेली मी अजून बघितली नाही. पाहुण्याच्या अंगावरचा कोट उतरायच्या आधी त्याच्या इंजिनावर यजमानाचं पांघरूण चढलं पाहिजे. पाहुण्याचं स्वतःचं असलं तरी. दोरोफेयचं होतं. बॉनेटवर ताडपत्री होती, ताडपत्रीखालून काहीतरी जाडजूड हिरवं डोकावत होतं, आणि तो हात हलवत म्हणत होता, अहो व्याही, कशाला, आहे माझ्याकडे. स्पिरिदोन म्हणाला, असं कसं, असं कसं. आणि त्याने आपल्या ट्रकवरच्या दोन्ही गाद्या काढून पाहुण्याच्या ट्रकवर टाकल्या. मग बायकोचे दोन्ही कोट काढले, तेही टाकले. मग उंटाच्या लोकरीची चादर. पाहुण्याच्या इंजिनाला घाम फुटायची वेळ आली. स्पिरिदोनचं इंजिन उणे चौपन्नात उघडं पडलं, एका जुन्या नमद्यावर. हे मी खिडकीतून बघितलं आणि अग्राफेनानेही बघितलं. पण रीत ती रीत. 

आत टेबल मांडलेलं होतं. घोड्याचं थंड मांस, गोठलेल्या माशाचे पातळ काप, साईचं फेटलेलं लोणी, गरम घारगे. कुन्नेय आणि मिचिल कोपऱ्यात बसून एकमेकांच्या फोनमध्ये बघत होते. दोरोफेयची बायको ऊस्तिन्या एका शाळेच्या खानावळीची मुख्य, त्यामुळे कुठल्याही टेबलाकडे ती मोजदाद करणाऱ्या नजरेनेच बघते. ती भिंतीसमोर बसली. गालिच्याकडे बघितलं. हरणाकडे बघितलं, त्याच्या पायांकडे बघितलं. मग तिने नाकाने हळूच श्वास घेतला. अग्राफेनाचे कान लाल झाले.

"किती वर्षं होता?" ऊस्तिन्याने विचारलं.

"काय, विहीणबाई?"

"इंजिनावर."

अग्राफेनाने घारग्यांची ताटली सारखी केली. मग म्हणाली, "पाच."

"माझा नववा हिवाळा," ऊस्तिन्या म्हणाली. "हिरवा आहे. कडेने गुलाब होते." आणि तिने अग्राफेनाच्या ताटलीत घारगा वाढला, घर अग्राफेनाचं असूनही.

त्यानंतर त्या दोघींचं जे जमलं ते बघण्यासारखं होतं. बोलत नव्हत्या फारशा. एकीने बशी सरकवली की दुसरी चहा ओतत होती. मुलांची रीत पुरी झाली होती, आणि तेवढ्यावर हा दिवस संपला असता तर अग्राफेनाला तिची भिंत मिळाली असती. पण दोरोफेय उठला. तो बापडा सरळ मनाचा माणूस आहे. गालिच्याजवळ गेला, त्याची कड अंगठा आणि बोटात धरून जाडी बघितली, मग उलटा करून वीणही बघितली, आणि स्पिरिदोनला म्हणाला, "वा. हा दुहेरी घडी करून घातला तर साठालाही दाद देणार नाही. मुलीबरोबर देणार आहात का?"

स्पिरिदोनचा चेहरा फुलला. आपल्या घरातल्या वस्तूची कुणीतरी जाणकाराने तारीफ केली की फुलतो तसा. पण त्याला उत्तर द्यायला मिळालं नाही. तोंडातला घास तसाच ठेवून तो थांबला आणि मान खिडकीकडे वळवली. दोरोफेयनेही वळवली. बाहेर मघापासून दोन आवाज होते. आता एकच होता.

"माझं गेलं," स्पिरिदोन म्हणाला.

दोघे टोप्या घालत घालत बाहेर धावले. मी या गावात जन्मले, पण त्या पहिल्या हिवाळ्यानंतर स्पिरिदोनच्या अंगणातून जानेवारीत तो आवाज न येण्याची वेळ मला आठवत नाही. थोड्याच वेळात शेजारपाजारचे चार पुरुष फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यांच्यातल्या एकाच्या हातात फावडं होतं. स्पिरिदोन वारला असणार असं समजून ते आले होते, कारण तो जिवंत असताना इंजिन बंद पडणं त्यांना शक्य वाटत नव्हतं. तो जिवंत दिसल्यावर ते थोडे गोंधळले, पण आलोच आहोत तर, म्हणून मदतीला लागले.

एक जण ब्लोलॅम्प घेऊन ट्रकखाली आडवा झाला आणि ऑइलच्या चेंबरवर ज्वाळा धरली. दुसऱ्याने बॅटरी काढून आत आणली आणि चुलीशेजारी, घारग्यांच्या परातीजवळ ठेवली. चहाचं उकळतं पाणी गेलं. मग सूप गेलं, कारण तेही उकळत होतं, पण दोरोफेयने ते दारातूनच परत पाठवलं. खालून शेक मिळत होता. पण वरून सगळी ऊब निघून जात होती. काहीतरी जाड पाहिजे होतं, आणि ते लगेच. दोरोफेय म्हणाला, माझ्यावरचं काढा, माझं काही बिघडत नाही. स्पिरिदोन म्हणाला, पाहुण्याचं पांघरूण मी काढणार नाही. दोरोफेय म्हणाला, अहो ते तुमचंच आहे. स्पिरिदोन म्हणाला, दिलं तेव्हा तुमचं झालं. दोघेही फार सभ्य माणसं. ते असे सभ्यपणे भांडत असताना ऑइल घट्ट होत चाललं होतं.

मग स्पिरिदोन आत आला. भुवयांवर बर्फ, हात काळे. कुणाकडे न बघता तो बुटांसकट पलंगावर चढला आणि गालिच्याच्या वरच्या खिळ्याला त्याने हात घातला. ऊस्तिन्याने कप खाली ठेवला.

"खाली उतर," अग्राफेना म्हणाली. बाहेर आता एकच इंजिन होतं, तेही पांघरुणांखाली दबलेलं. तिला ओरडावं लागलं नाही, आणि म्हणूनच की काय, तो थांबला.

"अगं, पाच मिनिटं राहिलीत. मग सगळं गेलं. गावाचं पाणी कोण आणणार, लाकडं कोण आणणार?"

"तूच आणणार. उतर."

तो उतरला. तिने पलंगावरची चादर ओढून बाजूला केली आणि खालून सशाची दुलई उचलली. पांढरीशुभ्र, हाताच्या जाडीची, उचलताना फुगून तिप्पट होणारी. ती तिने त्याच्या छातीवर धरली.

"ही ने."

स्पिरिदोनने दुलईकडे असं बघितलं की जणू ती त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितली. "ही?" तो म्हणाला. "ही आईने शिवलीय माझ्या."

"आणि तो?" अग्राफेना म्हणाली.

भिंतीकडे तिने बोटसुद्धा केलं नाही. स्पिरिदोनने मात्र मान वळवून भिंतीकडे बघितलं, आणि मला वाटतं त्या दिवशी त्याला तो गालिचा बॉनेटखेरीज दुसऱ्या कुठे तरी दिसला. तरीही तो म्हणाला, की ही अंगावर घ्यायची वस्तू आहे. अग्राफेना म्हणाली, इंजिनालाही अंगावरच घ्यायचंय.

एवढ्यात उशीर का होतोय म्हणून दोरोफेय दारात आला. त्याची नजर दुलईवर गेली. त्याने हातमोजा काढला, कातड्यांच्या केसांत मनगटापर्यंत हात घातला, आणि जे वाटलं ते बोलून गेला.

"अहो, ही घरात असताना गालिचा कशाला काढत बसलात?"

 नमदा, चादर, पाळण्यातली रजई, कोट, गालिचा, हे सगळं एकामागून एक त्या अंगणात गेलेलं सगळ्या गावाने बघितलं होतं, मीही बघितलं होतं. आणि घरातली सगळ्यांत गरम वस्तू कुठे असते हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ती हवेशीर करायला दर शरदात अग्राफेनाच कुंपणावर वाळत घालायची. तरी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याला नदीपलीकडून माणूस यावा लागला.

दुलई गेली. बॉनेटवर ती अशी बसली की जणू मापाने शिवली होती. दोरोफेयने आपल्या ट्रकवरून तारा जोडल्या, बॅटरी परत गेली, खालचा ब्लोलॅम्पवाला बाहेर सरकला, आणि स्पिरिदोनने स्टार्ट मारला. आधी नुसता खोकला आला. मग काळा धूर, मग पांढरा, मग तोच जुना आवाज, जो ऐकून समोरच्या घरातला कुत्रासुद्धा शांत झाला. फावडंवाला आपलं फावडं घेऊन घरी गेला. जाताना त्याने स्पिरिदोनला विचारलं, "चालू आहे का?" स्पिरिदोनने मान हलवली, पण तोंडाने काही म्हणाला नाही.

पाहुण्यांचं उरलेलं जेवण फार छान झालं. सूप तर परत आलेलंच होतं. लग्न जूनमध्ये, बर्फ गेल्यावर करायचं ठरलं. गालिचा मुलीबरोबर देणार का, या प्रश्नाचं उत्तर अग्राफेनाने दिलं. म्हणाली, देईन, पण माझ्यानंतर, आणि तोही विहीणबाईंच्या भिंतीचा चौकोन भरल्यावर. दोरोफेयला यातलं काही कळलं नाही, पण ऊस्तिन्याला कळलं. निघताना केबिनमध्ये चढता चढता तिने पायरीवरच थांबून नवऱ्याला विचारलेलं मी ऐकलं.

"दोरोफेय, तू झोपतोस ती रजई कशाची रे?"

दोरोफेयने फार घाईने गिअर टाकला.

फेब्रुवारीत तिने अग्राफेनाला फोन करून सांगितलं, की हिरवा गालिचा झोडपून झाला, गुलाबांतले दोन जळालेत, बाकीचे ओळखू येतात. अग्राफेनाने मला ते कुंपणापलीकडून ओरडून सांगितलं. इंजिन चालू होतं ना.

गालिचा भिंतीवरच आहे. डिझेलचा वास अजून येतो, चूल पेटली की जास्त येतो. अग्राफेनाने पलंगाची बाजू बदलून घेतली आहे, आता भिंतीकडे ती झोपते. स्पिरिदोन अंगावर कोट घालून, कानापर्यंत टोपी ओढून, बाहेरच्या बाजूला झोपतो. आणि एक गोष्ट सांगायला हवी. आता इंजिन बघायला तोच उठतो. कुणी सांगावं लागत नाही. गावात त्याचं कौतुक चाललंय, की या वयातही याची इंजिनावर केवढी माया. मी शेजारीण आहे, मला खिडकीतून दिसतं. तो डिझेल बघत नाही, पट्टे बघत नाही. बॉनेटपाशी जाऊन उभा राहतो, दोन्ही हातमोजे काढतो आणि दुलईत हात घालून बराच वेळ तसाच थांबतो.